हसू, हशा आणि हसे

मराठीच्या अध्यापनात हास्याला जागा नाही, असे कोणी म्हणणार नाही. शाळेच्या पाठ्यपुस्तकात अधूनमधून एखादा विनोदी पाठ असतो आणि त्याखाली ‘या पाठातील विनोदी प्रसंग तुमच्या शब्दांत लिहा’ असा प्रश्न असतो. पदवीच्या वर्गात हास्यरस येतो, त्याचा ‘हास’ हा स्थायीभाव येतो, भरताने सांगितलेले सहा प्रकार येतात, आणि परीक्षा संपली की सारे जातात. मात्र या सगळ्या शिक्षणात विद्यार्थ्याच्या स्वतःच्या हसण्याविषयी जे एक वाक्य हमखास त्याच्या कानावर पडते, ते म्हणजे ‘हसायला काय झालं?’ हे वाक्य प्रश्नार्थक असले तरी तो प्रश्न नसतो. ती ताकीद असते, आणि जो तिला प्रश्न समजून उत्तर देऊ लागतो त्याला बहुधा वर्गाबाहेर उभे राहावे लागते. आमचे म्हणणे एवढेच आहे की हा प्रश्न मुलांना एकदा खरोखर विचारला जावा. त्याचे उत्तर शोधायला त्यांना वेळ मिळावा, आणि ही शोधाशोध विज्ञानाच्या तासाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, भाषेच्या तासाला व्हावी.

भाषेच्या तासाला का, याचे कारण आपल्या भाषेतच आहे. ‘हसणे’ या एका क्रियापदापासून मराठीने तीन निरनिराळ्या नामांचा संसार मांडला आहे. हसू येते, हशा पिकतो आणि हसे होते. हसू एकट्याचे असते. ते येते, फुटते, कधी आवरत नाही. म्हणजे त्यावर आपली सत्ता पूर्णपणे चालत नाही. हशा एकट्याचा होऊच शकत नाही. त्याला माणसे जमावी लागतात, आणि शेतातल्या पिकासारखा तो सगळ्यांच्या मिळून पदरात पडतो. हसे मात्र हसणाऱ्याचे नसतेच. ते ज्याला हसले जाते त्याचे ‘होते’. पहिल्या दोन शब्दांत हसणाऱ्याची बाजू आहे, तिसऱ्यात सोसणाऱ्याची. एकाच ध्वनीकडे तीन ठिकाणी उभे राहून पाहण्याची ही सोय आपल्याला वारशाने मिळाली आहे. पण वर्गात आपण ती कधी उघडून दाखवत नाही. खुदकन, खळखळून, फिदीफिदी, खदखदा, गालातल्या गालात, कुत्सित, छद्मी, विकट ही सारी विशेषणे-क्रियाविशेषणे आपण ‘वाक्यात उपयोग करा’ या सदरात टाकून मोकळे होतो.

आता प्राण्यांकडे वळू. हसणे हा माणसाचाच विशेष होय, ही समजूत फार जुनी आहे. सर्व प्राण्यांत केवळ माणूस हसतो असे ॲरिस्टॉटलने लिहिले. पुढे १९०० साली हास्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिणाऱ्या बर्गसाँनेही हास्याचे क्षेत्र निव्वळ मानवी ठरवले. साहित्यशास्त्र शिकवणाऱ्या आपल्यासारख्यांना ही मांडणी सोयीची वाटते, कारण मग हास्य म्हणजे बुद्धी, विसंगती, श्लेष आणि कोटी असे समीकरण बिनबोभाट मांडता येते. परंतु या दोघांच्या मधल्या काळात, १८७२ साली, चार्ल्स डार्विनने माणसाच्या आणि प्राण्यांच्या भावाभिव्यक्तीवरील आपल्या ग्रंथात एक साधे निरीक्षण नोंदवले होते. चिंपांझीच्या पिलाला काखेत गुदगुल्या केल्या की ते हसल्यासारखा आवाज काढते. आपल्या मुलांप्रमाणेच त्या पिलांचीही काख विशेष हळवी असते, हेही त्याने नमूद केले होते.

या निरीक्षणाचा पुरता पाठपुरावा व्हायला शतकाहून अधिक काळ जावा लागला. २००९ साली मरीना डाव्हिला रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओरांगउटान, गोरिला, चिंपांझी, बोनोबो यांची पिले आणि माणसांची तान्ही बाळे यांना गुदगुल्या करून निघालेल्या आवाजांचे ध्वनिमुद्रण तपासले. आवाजांतील साम्यभेदांवरून त्यांनी जी वंशावळ काढली, ती जनुकांवरून ठाऊक असलेल्या वंशावळीशी जुळली. याचा अर्थ असा की हसण्याचे मूळ या सर्वांच्या समान पूर्वजापर्यंत, म्हणजे सुमारे एक कोटी ते एक कोटी साठ लाख वर्षांपर्यंत मागे जाते. भाषा त्या मानाने अगदी अलीकडची. चिंपांझी हसतो तेव्हा श्वास आत घेतानाही आवाज होतो आणि बाहेर सोडतानाही. धापा टाकल्यासारखे ते हसणे असते. माणसाचे हसणे मुख्यतः एकाच उच्छ्वासाचे तुकडे पाडून होते. ‘हा हा हा’ हे आपले साधे लेखन त्या तुकड्यांचेच चित्र आहे. नववीच्या मुलाला आपल्या छातीवर हात ठेवून हे पडताळून पाहायला दोन मिनिटे पुरतात, आणि ‘ह’ हा महाप्राण वर्ण हसण्यासाठी का वापरला गेला असावा, या प्रश्नावर वर्णविचाराचा एक संपूर्ण तास रंगू शकतो.

वानरकुळाच्या पलीकडचे उदाहरण याहून विलक्षण आहे. अमेरिकेतील याक पांक्सेप यांनी १९९०च्या दशकाच्या अखेरीस असे दाखवले की उंदरांना गुदगुल्या केल्या, किंवा ते आपापसांत दंगामस्ती करू लागले, की ते सुमारे पन्नास किलोहर्ट्झ कंपनसंख्येची चिवचिव करतात. माणसाचा कान फार तर वीस किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो. म्हणजे प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या पाळलेला हा प्राणी आपल्या नाकासमोर हे आवाज काढत होता आणि आपल्याला त्याचा पत्ता नव्हता. पुढे २०१६ साली बर्लिनमध्ये शिंपेई इशियामा आणि मिखाएल ब्रेख्त यांनी अशा उंदरांच्या मेंदूतील पेशींची नोंद घेतली. गुदगुल्या करणारा हात थांबला तर उंदीर त्या हाताच्या मागे धावत, आणि या धावण्याच्या खेळातही त्याच पेशी चेतवल्या जात. पण त्याच उंदराला उंच, उघड्या आणि प्रखर उजेडातल्या चौथऱ्यावर ठेवले, की गुदगुल्या करूनही ती चिवचिव मंदावत असे.

या शेवटच्या वाक्याशी शिक्षकाने क्षणभर थांबावे असे आम्हांला वाटते. भीती असेल तेथे गुदगुल्यांनाही प्रतिसाद मिळत नाही. उंदराची चिवचिव आणि आपले हसणे एकच आहे असा दावा येथे नाही. शास्त्रज्ञही तो जपूनच करतात. पण खेळ, सुरक्षितता आणि हा आवाज यांचे एकमेकांशी असलेले नाते तर उघड आहे. उजेडात, उंचावर, सगळ्यांसमोर उभा केलेला प्राणी कोणता, हे वर्गात शिकवणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

माणसाच्या बाबतीतही हसण्याचा संबंध विनोदापेक्षा सोबतीशी अधिक आहे. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकन अभ्यासकाने विद्यार्थ्यांसह सार्वजनिक ठिकाणी उभे राहून लोकांच्या हसण्याचे सुमारे बाराशे प्रसंग टिपले. ज्या वाक्यानंतर हसू फुटले त्यांपैकी विनोद म्हणता येतील अशी वाक्ये पाचातल्या एकाहूनही कमी होती. उरलेली ‘बरंय, निघतो आता’ अशा धर्तीची साधीसुधी वाक्ये होती. शिवाय ऐकणाऱ्यापेक्षा बोलणाराच जास्त हसत होता. आपल्याकडच्या हास्यक्लबांची कथाही हेच सांगते. डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ साली मुंबईतल्या एका बागेत पाच जणांना घेऊन हा उपक्रम सुरू केला, तेव्हा तेथे विनोद सांगितले जात. काही दिवसांतच चांगले विनोद संपले आणि कुणाला ना कुणाला लागतील असे विनोद येऊ लागले. तेव्हा त्यांनी विनोद वगळले आणि नुसते हसणे ठेवले. सकाळच्या वेळी बागेत हात वर करून हसणाऱ्या ज्येष्ठांची आपण चेष्टा करतो, परंतु हसणे आणि विनोद यांची फारकत त्यांनी आपल्या रसचर्चेपेक्षा अधिक स्पष्टपणे करून दाखवली आहे, हे मान्य करायला हवे.

अर्थात, प्राण्यांत हसणे शोधायला निघालेल्या मुलांना एक पथ्यही शिकवावे लागेल. जे हसण्यासारखे दिसते ते हसणे असेलच असे नाही. डोंगरावरच्या देवस्थानांत किंवा थंड हवेच्या ठिकाणी माकड दात दाखवते, तेव्हा मुले ‘बघा, हसतंय’ म्हणत जवळ जातात. माकडाचे असे दात दाखवणे पुष्कळदा भीतीचे किंवा नमते घेण्याचे लक्षण असते, आणि भ्यालेले माकड चावू शकते. आपल्या भाषेने या हावभावाला ‘हसणे’ म्हटलेले नाही. तिने ‘दात विचकणे’ असा वेगळा वाक्प्रचार दिला, आणि माणसाच्या निलाजऱ्या किंवा ओशाळ्या हसण्यालाही तोच लावला. तरसाचेही तसेच. ज्याच्या ‘हसण्या’ची एवढी ख्याती आहे ते आफ्रिकेतले ठिपक्यांचे तरस. आपल्या माळरानांवर आढळते ते पट्टेरी तरस त्या मानाने अबोल आहे. त्या आफ्रिकी तरसाचे ते तथाकथित हसणेही आनंदाचे नसते. भक्ष्यावरून झटापट होते, दुसरे तरस अंगावर येते, तेव्हा ते ऐकू येते. याउलट कुत्र्याचे पिलू पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग उंच करते, ते खेळाचे निमंत्रण कोणत्याही गल्लीत पाहायला मिळते. या दोहोंतला फरक ओळखायला शिकणे म्हणजे निरीक्षण शिकणे, आणि आपल्या मनातले दुसऱ्याच्या चेहऱ्यावर लादू नये, हे शिकणे. वाङ्मयाच्या विद्यार्थ्यालाही याच शिस्तीची गरज असते.

वाङ्मयातले प्राणी हसतात ते कसे, हेही या निमित्ताने पाहण्याजोगे आहे. सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त बाजारातला मेलेला मासा हसतो. एका निरपराध ब्राह्मणाला वधासाठी नेले जात असताना तो हसतो, आणि वररुची त्या हसण्याचे कारण शोधून काढतो. राजाच्या अंतःपुरात स्त्रीवेशातले पुरुष राजरोस वावरत असताना राजा भलत्यालाच शिक्षा करतो आहे, याचे माशाला हसू आले. मासा हसतो तो राजाच्या आंधळेपणाला. कथेतल्या प्राण्यांचे हसणे बहुधा या जातीचे असते. ते माणसाचे हसे करतात. निसर्गातल्या प्राण्यांविषयी आजवर जी निरीक्षणे हाती आहेत, त्यांत मात्र खेळातले हसू आहे, हशासारखे काहीतरी आहे, पण दुसऱ्याचे हसे केल्याचा पुरावा नाही. २०२४ साली मोठ्या वानरांच्या खोड्यांविषयी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात लहान वानरे मोठ्यांना टोचतात, वस्तू पुढे करून मागे घेतात आणि लगेच त्यांच्या तोंडाकडे पाहतात, असे आढळले. म्हणजे खोडीपर्यंत ती आली आहेत. खोडीपासून उपहासापर्यंतचे अंतर माणसाने तोडलेले दिसते, आणि त्या वाटचालीत त्याच्या हाती भाषा होती.

भाषेच्या शिक्षकाची जबाबदारी येथे सुरू होते. आमच्या महाविद्यालयात जिल्ह्याच्या सर्व कोपऱ्यांतून मुले येतात. पहिल्या वर्षाच्या वर्गात कुणी उतारा मोठ्याने वाचायला उभा राहतो, ‘पाणी’चे ‘पानी’ होते, बोलता बोलता ‘होतं’चे ‘व्हतं’ होते, आणि मागच्या बाकांवर खसखस पिकते. हसणाऱ्यांच्या लेखी तो साधा हशा असतो. वाचणाऱ्याचे हसे झालेले असते. त्यानंतर वर्षभर तो मुलगा किंवा ती मुलगी वर्गात तोंड उघडत नाही, आणि मौखिक परीक्षेत आपण त्याला ‘आत्मविश्वासाचा अभाव’ असे नाव देतो. हे प्रत्येक मराठीच्या शिक्षकाने पाहिलेले आहे. अशा वेळी वर्गाला गप्प करणे सोपे असते, पण त्याने हसे पुसले जात नाही. उलट ते अधोरेखित होते. हसू, हशा आणि हसे यांतला भेद ज्या मुलांनी आधीच, कुणाला लागलेले नसताना, शांतपणे तपासला असेल, त्यांनाच त्या क्षणी आपण काय करतो आहोत याची जाणीव होण्याची शक्यता आहे.

बोलीला हसणे हा नियम नव्हे, हेही वर्गात दाखवता येते. लक्ष्मण देशपांडे यांच्या ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या एकपात्री प्रयोगात मराठवाड्याच्या बोलीने महाराष्ट्रभरच्या नाट्यगृहांत हशा पिकवला. तीच बोली वर्गात हसे घडवते आणि रंगमंचावर हशा. याचे कारण शब्दांत नाही. हसण्याची दोरी कोणाच्या हाती आहे, यात ते आहे. आपल्या विनोदी गद्याचा मोठा प्रवाहही याच अंगाने वाचता येईल. ‘सुदाम्याचे पोहे’मधला सुदामा असो वा चिं. वि. जोशींचा चिमणराव, फजितीची हकीकत सांगणारा स्वतःच त्या फजितीत सामील असतो. तो आपले हसे आपल्या हातांनी करून घेतो आणि त्याचा हशा करून वाचकांना वाटतो. ‘विनोदाचे प्रकार’ या मथळ्याखाली शब्दनिष्ठ आणि प्रसंगनिष्ठ अशा खुणा करण्यापेक्षा हे रूपांतर कसे घडते, हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवणे आम्हांला अधिक मोलाचे वाटते.

नाट्यशास्त्राकडेही मग नव्या नजरेने पाहता येते. स्मित आणि हसित उत्तम प्रकृतीच्या पात्रांचे, विहसित आणि उपहसित मध्यमांचे, अपहसित आणि अतिहसित अधमांचे, ही वर्गवारी आपण पाठ करून घेतो. कोणाचे दात किती दिसावेत, आवाज कितपत व्हावा, डोळ्यांत पाणी यावे की नाही, हे पात्राच्या प्रतिष्ठेवर ठरते, याकडे आपण फारसे लक्ष वेधत नाही. मुलींनी मोठ्याने हसू नये, वडीलधाऱ्यांसमोर दात काढू नयेत, साहेब हसले की सगळ्यांनी हसावे, हे आजचे अलिखित नियम त्याच वर्गवारीचे दूरचे वंशज आहेत. भरताची थोरवी यामुळे कमी होत नाही. त्याने हसण्याकडे इतक्या बारकाईने पाहिले की दोन हजार वर्षांनंतरही त्याचे निरीक्षण आपल्या घरात लागू पडते. आपण त्याचे निरीक्षण टाकून यादी तेवढी ठेवली.

मग प्रत्यक्ष करायचे काय? त्यासाठी वेगळे पुस्तक, वेगळा तास किंवा निधी लागत नाही. सातवी-आठवीच्या मुलांना आठवडाभर ‘हसण्याची वही’ ठेवायला सांगावी. कोण हसले याऐवजी किती जण होते, आधी कोणते वाक्य उच्चारले गेले, आवाज कसा होता, आणि ज्याच्यावरून हसू आले तो स्वतः हसत होता का, एवढेच त्यात लिहावे. नावे लिहू नयेत. आठवड्याच्या शेवटी त्या नोंदींना योग्य शब्द शोधावा: हे खुदकन होते की फिदीफिदी? हा हशा होता की हसे? घरातले तान्हे बाळ, गल्लीतली कुत्र्याची पिले, गोठ्यातली वासरे यांच्या खेळाचे दुरून निरीक्षण करावे आणि जे दिसले तेवढेच लिहावे. ‘आनंदाने’, ‘रागाने’ हे शब्द पहिल्या मसुद्यात टाळावेत. गुदगुल्यांचा विषय निघेलच. तेव्हा समोरच्याने ‘पुरे’ म्हटल्यावर थांबायचे असते, हा नियम मुलांकडूनच काढून घ्यावा. गुदगुल्यांनी हसणारा माणूस आनंदातच असतो असे नाही, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते. आणि ज्या मुलाला ऐकू येत नाही तेही हसते, जन्मतः अंध आणि बधिर असलेली मुलेही हसतात, हे त्यांना जरूर सांगावे, म्हणजे हसणे हे नकलेतून शिकलेले नसते, हे त्यांचे त्यांना उमगेल.

यावर शिस्तीचा आक्षेप येईल. हसण्यावर बोलू लागलो तर वर्ग हाताबाहेर जाईल, असे पुष्कळांना प्रामाणिकपणे वाटते. त्यांच्यासाठी एक जुनी घटना सांगणे योग्य होईल. जानेवारी १९६२मध्ये, तेव्हाच्या टांगानिकातील काशाशा येथील मुलींच्या वसतिशाळेत तीन मुलींना अनावर हसू येऊ लागले. ते पसरत गेले आणि १५९ पैकी ९५ मुलींना त्याने गाठले. मार्चमध्ये शाळा बंद करावी लागली. ही गोष्ट गमतीची म्हणून सांगितली जाते, पण त्या मुलींना रडूही येत होते, त्या अस्वस्थ होत्या, आणि पुढे अभ्यासकांनी त्याचा अर्थ सामूहिक ताणाचा उद्रेक असा लावला. वर्ग हाताबाहेर जातो तो हसण्यावर बोलल्याने नव्हे. ज्यावर कधी बोलायचेच नाही असे काही वर्गात साचत राहिले, तर ते हसण्याच्या रूपानेही बाहेर पडते.

दुसरा आक्षेप अभ्यासक्रमाचा. हे सारे परीक्षेला नाही. खरे आहे. पण श्रवण आणि निरीक्षण ही भाषिक कौशल्ये आहेत असे अभ्यासक्रमच सांगतो, आणि त्यांच्यासाठी मुलांच्या इतक्या जवळचा दुसरा विषय आम्हांला तरी सुचत नाही. आमच्या वाचकांपैकी अनेक जण आज विद्यार्थी असले तरी उद्या कुठल्याशा शाळेत मराठी शिकवणार आहेत. त्यांना आमची विनंती आहे की वर्गात कधीतरी अवेळी हशा पिकेल तेव्हा, ज्याचे हसे झाले असेल त्याला आधी सावरून घ्यावे. मग दुसऱ्या दिवशी, सगळे निवल्यावर, ‘हसायला काय झालं?’ हा प्रश्न फळ्यावर लिहावा आणि मुले काय उत्तरे देतात ती ऐकावीत.